माझ्या गळ्यातलं नवसागराचं कडं

“तोंड आपल्याकडं धरायचं नाही अन् समोरच्याकडंही नाही. भिंतीकडं धरायचं. भिंतीला काही पोळत नाही.”

मित्रांनो, हा आवाज अभय सरांचा. सर निवृत्त होऊन गेले त्याला बराच काळ लोटला, पण मला हातात कसं धरावं हे मुलांना पहिल्यांदा त्यांनीच शिकवलं, म्हणून तो आवाज माझ्या काचेत मुरून राहिला आहे. मी एक जुनी परीक्षानळी आहे. हर्सूलला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शाळा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या लाकडी स्टँडमध्ये, अगदी कडेच्या भोकात मी उभी असते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, तिची काच झाली, आणि लालबुंद असतानाच माझं बूड गोल केलं गेलं. साध्या काचेच्या नळ्या विस्तवावर ठेवल्या की तडकतात. मला आच सोसणारी काच मिळाली. यात माझी थोरवी काही नाही. ज्याला जे सोसायचं असतं, त्याला तेवढं बळ आधीच दिलेलं असतं, असं मी मानते.

गवत भरलेल्या खोक्यातून मी या शाळेत आले. ते दिवस फार चांगले होते. सर माझ्यात मोरचुदाचे निळे खडे टाकत. आच लागली की खड्यातलं पाणी निघून जाई आणि निळ्याची पांढरी भुकटी उरे. सर म्हणत, बघा, हा गेला असं वाटतं ना? मग थंड झालेल्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकत, आणि ती पुन्हा निळी होई. मुलं बाकावर उभी राहायची. खायचा सोडा तापवला की माझ्या अंगावर आतून दव जमे, आणि सोड्यातून निघालेला वायू चुन्याच्या निवळीला दुधासारखी करून टाकी. एक नारंगी क्षारही होता. तो सर माझ्यात घालत नसत, काचेच्या पेटीत ठेवून दुरूनच दाखवत. पेटला की ठिणग्या उडवत हिरव्या राखेचा ढीग होई, आणि मग काही केलं तरी तो परत नारंगी होत नसे. तेव्हा वर्ग गप्प बसायचा.

पण माझा जिव्हाळा नवसागराशी. तोच नवसागर, जो कल्हईवाला तापल्या भांड्यात भुरभुरतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो. मुलांना वाटतं, नवसागर वर उडाला आणि वर जाऊन बसला. पुस्तकातही पूर्वी तेवढंच सांगून पुढे जात. मी आतून पाहिलेलं सांगते. आच लागली की नवसागर दुभंगतो. त्याचे दोन श्वास होतात. एक अमोनिया, हलका आणि झणझणीत. दुसरा आम्लाचा, जड आणि आंबट. दोघं वेगवेगळे वर निघतात. माझा गळा आचेपासून लांब असतो, थंड असतो. तिथे ते पुन्हा एकमेकांना भेटतात आणि काचेवर पांढरं कडं धरतं. ते कडं म्हणजे परत आलेला नवसागर. कापराचं असं नाही. कापूर हवेत जातो तो कापूर म्हणूनच जातो. नवसागराला मोडावं लागतं, आणि मोडूनही तो परत जुळतो. म्हणून तो मला आवडतो.

सर गेले आणि पुढे कितीतरी वर्षं प्रयोग फळ्यावरच झाले, मग पडद्यावर झाले. पडद्यावरच्या नळीला कधी काजळी धरत नाही. माझ्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं. शेजारच्या भोकातल्या बहिणी एकेक करून फुटल्या. खिडक्या बंद, दार बंद. तरी मी कुणाला दोष देत नव्हते. वाट पाहणं हेही एक व्रतच आहे.

मग करुणा मॅडम या शाळेत आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडक्या उघडल्या, पदर खोचला आणि आम्हा साऱ्यांना धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजत घातलं. सोबतीला प्रयोगशाळेचे शिपाई सांडूमामा. मामा जाळं काढताना कोळ्याची माफी मागत होते, आणि मॅडम हसू दाबत होत्या.

सांडूमामांचा एक नेम आहे. खंडेनवमीला गावाकडे विळे, पाभर, आऊत पुजतात, तसे ते प्रयोगशाळेतली सगळी हत्यारं पुजतात. तराजू, दिवे, चिमटे, सगळं पाटावर मांडायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. कुंकू नळीत सांडतं म्हणून आम्हाला ते तोंडाच्या काठावर नुसतं हळदीचं ओलं बोट लावतात. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, त्याचा तो विसाव्याचा दिवस. मॅडमच्या घरी बुद्धवंदना होते, त्या स्वतः पूजेला बसत नाहीत, पण मामांची पूजा त्यांनी कधी अडवली नाही. उलट पाट पुसून देतात.

यंदा मॅडमनी नववीतली सायली निवडली होती. क्रांती चौकाजवळच्या एका शाळेत दसऱ्यानंतर विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, आणि तिथे क्षार तापवले की त्यांचं काय होतं, हे सायली दाखवणार होती. सायली बारीक चणीची, कमी बोलणारी. वर्गात तिचं नाव कुणी फारसं घेत नसे. पण चिमट्यात मला धरलं की तिचा हात ढळत नसे. आजवर तिला कुठे निवडलं नव्हतं, ना खेळात, ना गॅदरिंगमध्ये. मला धुताना ती हळूच म्हणायची, “आपण दोघी जाऊ.” मी काय बोलणार? काच स्वच्छ ठेवायची, एवढंच माझ्या हातात.

खंडेनवमीच्या दिवशी सायली आणि वर्गातल्या मुलींच्या देखत पूजा झाली. मॅडम घोटभर पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात मुख्याध्यापक एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांना घाई होती. मुलींनी काहीतरी करून दाखवावं, असं ते म्हणाले. सांडूमामा अजिजीनं सांगत होते, साहेब, आज हत्यार बसवलंय, उद्या या. मुख्याध्यापकांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि सायलीला पुढे केलं.

दुसरी धड नळी नव्हती. सायलीनं मला उचललं. काठावरची हळद अजून ओली होती. नवसागर घातला, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे वर काचेच्या तंतूंचा सैल बोळा बसवला, आणि दिवा पेटवला. धूर दिसायच्या आधीच अमोनिया वर आला. हलका तो, जड सोबत्याला मागे टाकून बोळ्यातून आधी निसटला. माझ्या काठावरच्या हळदीला लागला, आणि पिवळं बोट लालभडक झालं.

एक मुलगी ओरडली, नळीला रक्त आलं. सांडूमामांनी कानाला हात लावले. “नगं म्हणलं व्हतं,” ते पुटपुटले. मुली मागे सरल्या. एवढ्या गलबल्यात मागून आम्लाचा श्वास वर पोचला, त्यानं हळद पुन्हा पिवळी केली. मॅडम धावत आल्या तेव्हा माझ्या काठावर जसं होतं तसं पिवळं बोट, आणि गळ्यात पांढरं कडं. त्यांनी तो लाल रंग पाहिलाच नाही. आचेचा उजेड पडला असेल, असं म्हणून त्यांनी मुलींना घरी पाठवलं. मित्रांनो, मॅडम शहाण्या आहेत, पण न पाहिलेलं खोटंच असतं, असं त्या दिवशी त्यांना वाटून गेलं. आणि मला सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी सायलीचे वडील गोकुळ कामावरून येताना मोटारसायकलवरून घसरले. हाड शाबूत होतं, पण घोटा नारळासारखा सुजला. दिवेलागणीला दोघाजणांच्या खांद्यांवर हात टाकून ते घरात आले, तशी सायली देवघरापुढे बसली आणि तिनं देवीला शब्द दिला. त्या नळीला मी परत हात लावणार नाही, बाबांचा पाय बरा कर.

हे सगळं मला दसऱ्यानंतर कळलं. तोवर मी माळ्यावर होते. सांडूमामांनी मला लाल फडक्यात गुंडाळलं होतं. पैठणला जाऊन गोदावरीत सोडतो, म्हणत होते. मॅडमनी शांतपणे विचारलं, मामा, काच ती, घाटावर कुणा वारकऱ्याच्या पायात गेली तर पाप कुणाला? मामा विचारात पडले. मग मधला मार्ग म्हणून माळा. अंधारात मी मनाशी म्हणत होते, मला बुडवा, फोडा, चालेल, पण त्या पोरीच्या मनातली भीती तेवढी काढा.

शाळा उघडली त्या दिवशी सायली एकटीच आली, आणि दारातच उभी राहिली.

“मॅडम, ते रक्त नव्हतं,” ती म्हणाली. “आत्यानं बाबांच्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावला. मीच कालवत होते. चुना टाकला की हळद लाल झाली. तशीच लाल, नळीची झालती तशी.”

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही मुली खरं सांगत होता. आणि मी ऐकलं नाही.”

त्यांनी मला माळ्यावरून उतरवून घेतलं. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवल्या. पण सायलीनं हात पाठीमागे बांधून घेतले होते. कळलंय ना तुला आता, असं मॅडमनी विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, “कळलंय मॅडम. पण देवीला शब्द तर दिलाय.”

दुसऱ्या मुलीला उभं करू का, असंही मॅडमनी विचारलं. सायली ‘चालतंय’ म्हणाली, आणि तेच टेबल फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मॅडमनी मग तो विषय काढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “शब्द तुझा आहे. तो मोडायला मी सांगणार नाही.”

पुढचे दिवस गमतीचे गेले, आणि जड गेले. चिमटा सांडूमामांच्या हातात, आणि लांबून सायलीचं शिकवणं चाललेलं. मामा, तोंड भिंतीकडं. मामा, आच हळूहळू फिरवा, एकाच जागी नका धरू. मामा मला असे धरत की जणू मी पाळण्यातलं बाळ आहे आणि चावणारही आहे. नवसागर तापला की हळदीची पट्टी आधी लाल, मग पिवळी. खायच्या सोड्याच्या वायूनं पट्टीला ढिम्म काही होत नसे. अमोनियम कार्बोनेट तापलं की नाकात झिणझिण्या येऊन मामा शिंकत आणि पट्टी लाल होऊन तशीच राहात असे, कारण तिथे मागून येऊन तिला पिवळी करणारं आम्ल नसतं. वारं लागलं की लाली हळूहळू उतरे. सगळं बरोबर येत होतं. नुसता हात चुकीचा होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला, दारात एक बाई उभ्या राहिल्या. सायलीच्या आत्या, पारूबाई. सायलीची आई दिवसभर कामावर असते, म्हणून घरची चूल आणि देवघर दोन्ही आत्याच्या हाती. नवरात्राचे नऊ दिवस उपास केलेली ती बाई, आवाज इतका हळू की सांडूमामांना कान पुढे करावा लागला. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा त्या आत आल्या. हातात पुडी होती. देवघरातली हळद.

“मला दाखवा,” त्या म्हणाल्या. “पोरगी रातीला जेवत नाय. कशापायी नाय जेवत ते बघू तरी.”

मॅडमनी त्यांचीच हळद ओली करून माझ्या काठाला लावायला त्यांनाच सांगितलं. मामांनी आच दिली. पिवळं बोट लाल झालं, आणि पारूबाईंच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळं झालं. त्या दचकल्या नाहीत. नवसागराचे दोन श्वास कसे वेगळे होतात ते मॅडमनी सांगितलं, तेही त्यांनी मान हलवत ऐकलं. मग म्हणाल्या, “अन् ती दोघं परत भेटत्यात कुठं?”

मॅडमनी माझ्या गळ्याकडे बोट केलं. “इथं. नळी थंड असते तिथं.”

“थंडाव्यात व्हय,” पारूबाई म्हणाल्या. त्या पांढऱ्या कड्याकडे बराच वेळ पाहात राहिल्या. घरात कोण कुणापासून कशानं लांब गेलं, हे त्यांच्या मनात आलं असेल का, मला माहीत नाही. त्यांनी सायलीला जवळ ओढलं, तिचे मागे बांधलेले हात सोडवून आपल्या हातात घेतले.

“बाबाच्या पायाची सूज उतरलीय. ते देवीचं बी आन् लेपाचं बी. पण भ्यालेल्या लेकराचा शब्द देवीआई उराशी धरून बसत नसती, बाई. म्हणून काय तिला न विचारता मोडायचा नसतो. जाऊन मागून घ्यायचा असतो.”

“कोण जाणार?” सायलीनं विचारलं.

“मी हाय की. उद्या तुमच्यासंगं येते. चौकातून कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी जाते, ओटी भरते, तुझा शब्द तिच्या पायाशी मागून घेते. तुझा नंबर अकराला ना? त्याच्या आधी मी तिथं असंल. घड्याळात अकरा वाजले की तू नळीला हात लाव. मागं वळून बघायचं नाय.”

सांडूमामांना राहवलं नाही. “अन् आक्का, देवीनं माघारी नाय दिला तर?”

“देती की. ती नळीचं काय करणार हाय?” पारूबाई म्हणाल्या. इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या की आधी मॅडम हसल्या, मग मामा, आणि किती दिवसांनी सायली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारख्या नळ्या असतील. कुलूप लावून आम्हाला जपू नका, आम्ही वापरानंच टिकतो. आणि एक सांगते. तापलेल्या नळीला कुणी एकदम गार पाण्यात घातलं, तर आच सोसणारी काचही तडकू शकते. तिला आधी आपोआप निवू द्यायचं असतं. भ्यालेल्या माणसाचंही तसंच असावं. त्याच्यावर एकदम शहाणपण ओतू नये. जरा निवू द्यावं, शेजारी बसावं, मग सांगावं. मॅडमना हे उमगलं, पारूबाईंना ते ठाऊकच होतं, आणि मला दोघींच्या हातांतून कळलं.

आज ती प्रदर्शनाची सकाळ आहे. कापसात गुंडाळलेली मी सांडूमामांच्या शर्टाच्या खिशात आहे, तोंड तेवढं बाहेर. हर्सूलहून निघालेली रिक्षा क्रांती चौकात थांबली. दुकानांची शटरं अर्धी वर गेली आहेत, भजी तळायला तेल तापतंय, सिग्नलला वाहनांचा गलका. मॅडम पुढे होऊन प्रदर्शनाच्या शाळेचा रस्ता विचारताहेत. सायलीचे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर घट्ट आहेत. माझ्याकडे ती बघते, पण अजून हात लावत नाही.

पारूबाई फुटपाथच्या कडेला थांबल्या. खाली वाकून त्यांनी चपला काढल्या, पिशवीत ठेवल्या. पिशवीत खण आहे, नारळ आहे, मूठभर तांदूळ आहेत. मामा म्हणाले, आक्का, डांबर तापलं म्हंजी चटके बसतील, रिक्षानं जा. पारूबाईंनी सायलीच्या गालावरून बोटं उतरवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि कर्णपुऱ्याच्या दिशेनं गर्दीतून, कुणाला धक्का न लावता, चालू लागल्या.